मंचावर कुणीच नाही, तरी ६५ हजार लोक गातात! ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पन्नास वर्षांनीही का टिकलंय?

१ जुलै २०१७ ची संध्याकाळ. लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘ग्रीन डे’ या अमेरिकी बँडचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. मैदानात सुमारे ६५ हजार लोक. बँड यायला अवकाश होता, म्हणून स्पीकरवर एक जुनं गाणं लावलं गेलं, ‘क्वीन’चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. मंच रिकामा होता. तरीही ते सहा मिनिटांचं गाणं मैदानाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायलं. मधला उलटसुलट आवाजांचा ऑपेरासुद्धा सोडला नाही. त्याचा व्हिडिओ आजही दर थोड्या दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या टाइमलाइनवर येतो आणि त्याखाली ‘अंगावर काटा आला’ अशा प्रतिक्रिया पडत राहतात.

त्या गर्दीतले कितीतरी जण हे गाणं आलं तेव्हा जन्मलेही नव्हते. गाणं बाजारात आलं ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आणि ज्या अल्बममध्ये ते आहे तो ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ आला नोव्हेंबरमध्ये. २०२५ मध्ये दोघांनाही पन्नास वर्षं झाली. स्वीडनचा प्रतिष्ठेचा ‘पोलर म्युझिक प्राइझ’ही त्याच वर्षी क्वीनला मिळाला.

त्याच्या एक वर्ष आधी, २०२४ मध्ये, वेगळीच बातमी आली होती. क्वीनची सगळी गाणी ‘सोनी म्युझिक’ सुमारे एक अब्ज पौंडांना विकत घेत असल्याचं ब्रिटिश आणि अमेरिकी माध्यमांनी सांगितलं. एका बँडच्या गाण्यांसाठी इतकी रक्कम पूर्वी ऐकलेली नव्हती. जुन्या गाण्यांना एवढी किंमत कशामुळे येते? आणि या व्यवहारात चाहत्यांच्या प्रेमाचा वाटा किती?

खिशात पैसे नव्हते, तेव्हाची गोष्ट

१९७५ च्या उन्हाळ्यात क्वीनची अवस्था विचित्र होती. आदल्या वर्षीचं ‘किलर क्वीन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. मासिकांत फोटो येत होते, कार्यक्रमांना गर्दी होती, पण चौघांच्या हातात पगारासारखी तुटपुंजी रक्कम पडत होती. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन यांचं म्हणणं होतं की, करारामुळे कमाई व्यवस्थापकांकडे राहते. व्यवस्थापकांना हे अर्थातच मान्य नव्हतं. शेवटी फारकत झाली, वकिलांचा खर्च झाला आणि बँड कर्जात होता. हा अल्बम पडला असता तर आम्ही कदाचित संपलोच असतो, असं ब्रायन मेने पुढे अनेकदा सांगितलंय.

अशा वेळी कुणी शहाणा माणूस हात राखून खर्च करतो. या चौघांनी त्या काळातल्या सर्वांत महागड्या अल्बमपैकी एक बनवायला घेतला. खर्चाचा आकडा साधारण ४० हजार पौंड सांगितला जातो. निर्माता रॉय थॉमस बेकर त्यांच्या सोबत होता (एप्रिल २०२५ मध्ये त्याचं निधन झालं). एकाच वेळी वेगवेगळ्या स्टुडिओंत काम चाले; एक जण इकडे गिटार वाजवतोय तर दुसरा तिकडे गातोय.

अल्बमचं पहिलंच गाणं म्हणजे जुन्या व्यवस्थापनावर काढलेला राग. त्यात नाव कुणाचंच नाही, तरी ज्याला लागायचं त्याला लागलं आणि प्रकरण वकिलांपर्यंत जाऊन कोर्टाबाहेर मिटलं. पुढे मात्र अल्बम कुठून कुठे जातो ते पाहण्यासारखं आहे. डीकनने बायकोसाठी लिहिलेलं साधं प्रेमगीत आहे. टेलरचं मोटारगाडीवरच्या प्रेमाचं गाणं आहे. मेचं ‘’३९’ हे लोकगीताच्या चालीतलं गाणं अंतराळप्रवाशांबद्दल आहे. ते परततात तेव्हा त्यांचं एक वर्ष आणि पृथ्वीवरची शंभर वर्षं उलटलेली असतात. (मे तेव्हा खगोलभौतिकीतली पीएचडी अर्धवट सोडून आलेला होता, ती त्याने २००७ मध्ये पूर्ण केली.) एका गाण्यात अख्खा जुना जॅझ बँड वाजतोय असं वाटतं, प्रत्यक्षात ती एकट्या मेची गिटार आहे. कव्हरवर तर लिहूनच टाकलं होतं की, यात सिंथेसायझर वापरलेला नाही.

या सगळ्यानंतर, बारापैकी अकराव्या क्रमांकावर, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ येतं.

टेप झिजली, त्यातून आरपार दिसायला लागलं

भावगीत असो की सिनेमातलं गाणं, धृपद परत परत येतं आणि तेच आपल्या तोंडात बसतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला धृपदच नाही. सुरुवातीला वाद्यांशिवाय नुसते आवाज, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटार, मग अचानक ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. एकही भाग पूर्वीसारखा परत येत नाही. असं गाणं लोकांच्या तोंडी बसायलाच नको होतं.

बेकर एक आठवण सांगायचा. फ्रेडीने त्याला घरी पियानोवर गाण्याचा सुरुवातीचा भाग वाजवून दाखवला, मध्येच थांबला आणि म्हणाला, इथे ऑपेरा येणार. कागदावर फारसं काही नव्हतं, सगळं फ्रेडीच्या डोक्यात होतं. बाकीचे गात गेले, तेव्हा त्यांनाही ते हळूहळू कळत गेलं.

आज कॉम्प्युटरवर हवे तितके आवाज एकावर एक चढवता येतात. १९७५ मध्ये टेपवर २४ ट्रॅक असत, म्हणजे २४ वेगवेगळे आवाज साठवण्याची सोय. क्वीनला शेकडो माणसांचा गायकवृंद हवा होता आणि गाणारे होते तिघे: मर्क्युरी, मे आणि टेलर. वरच्या पट्टीतले कर्कश सूर टेलरचे आहेत. मग ते काही आवाज भरत, त्यांचं मिश्रण करून एक-दोन ट्रॅकवर उतरवत, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा आवाज भरत. ऑपेराच्या भागालाच सुमारे तीन आठवडे लागले. १८० च्या आसपास थर चढले, असं सांगतात. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसू लागलं.

गाणं झालं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. रेडिओवर तेव्हा साधारण तीन मिनिटांची गाणी वाजत. ‘ईएमआय’ कंपनीत चिंता होती की एवढं लांब गाणं कोण लावणार. बँड कापायला तयार नव्हता. मग एक प्रत कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या निवेदकाच्या हाती गेली. तो फ्रेडीचा मित्र. ‘हे लावायचं नाही’ असं त्याला बजावून सांगितलं होतं, म्हणजे काय करायचं ते त्याला नीट समजलं. त्या शनिवार-रविवारी त्याने गाणं १४ वेळा वाजवलं. लोक दुकानांत विचारायला लागले तेव्हा ते बाजारातही आलेलं नव्हतं. पुढे ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याला खाली उतरवणारं गाणं कोणतं, तर ‘अ‍ॅबा’चं ‘ममा मिया’. क्वीनच्या ऑपेरात नेमके हेच दोन शब्द आहेत, त्यामुळे चाहत्यांच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास असतो.

थोडं पैशांबद्दल. जुन्या तबकड्या ज्यांच्या घरी होत्या त्यांना माहीत असेल की, गाजलेल्या गाण्याच्या मागच्या बाजूला दुसरं गाणं असायचं. इथे मागे होतं टेलरचं मोटारगाडीचं गाणं. तबकडी विकली की मानधन दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखंच मिळे. त्यामुळे लोक घेत होते फ्रेडीचं गाणं आणि तेवढेच पैसे टेलरलाही मिळत होते. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस होती. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून चौघांनी ठरवलं की, गाणं कुणीही लिहो, नाव ‘क्वीन’ लागेल.

जिथे बँड मंचावरून निघून जायचा

ऑपेरा स्टुडिओत जमला, पण कार्यक्रमात गायचा कसा? तिघांना तो प्रत्यक्ष गाणं शक्यच नव्हतं. क्वीनने सुरुवातीला गाण्याचे तुकडे वाजवून पाहिले. मग त्यांनी एक सरळ उपाय काढला. ऑपेराचा भाग आला की चौघे मंच सोडून जात. दिवे फिरत, धूर येई आणि टेप लागे. रॉकचा भाग सुरू झाला की स्फोटासारख्या आवाजात बँड परत येई.

तेव्हाच्या समीक्षकांनी याला नावं ठेवली. कार्यक्रमात टेप लावणं म्हणजे फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. चाहत्यांना मात्र ती मिनिटं आपलीच वाटू लागली. मंचावर बघायला कुणी नाही, मग करायचं काय? गायचं. रात्रीमागून रात्री, देशामागून देश, गाण्यातला सर्वांत अवघड भाग प्रेक्षक गात राहिले. हाइड पार्कच्या व्हिडिओत जे दिसतं त्याची तालीम चाळीस वर्षं चालू होती, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच अल्बममधल्या ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चंही असंच झालं. अल्बममध्ये ते पियानो आणि हार्पवरचं नाजूक गाणं आहे. कार्यक्रमांत ते फक्त मेची गिटार आणि फ्रेडीचा आवाज एवढ्यावर होई. दक्षिण अमेरिकेत लोक ते एवढ्या जोरात गात की फ्रेडी गाणं थांबवून नुसता हात हलवत राही. जानेवारी १९८५ मध्ये ‘रॉक इन रिओ’ महोत्सवातलं त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. इंग्रजी ज्यांची भाषा नाही असा अफाट जनसमुदाय ते गाणं तोंडपाठ म्हणतोय आणि गायक ऐकतोय.

मृत्यू, विनोदी सिनेमा आणि इराणमधली कॅसेट

गाजलेली बहुतेक गाणी एकदा वर जातात आणि मग हळूहळू आठवणींच्या कार्यक्रमांत जमा होतात. हे गाणं पुन्हा पुन्हा वर आलं आणि दर वेळी कारण निराळं होतं.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स झाल्याचं फ्रेडीने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. त्या काळी या आजाराबद्दल भीती आणि तुच्छता किती होती, हे ब्रिटिश टॅब्लॉइडचे तेव्हाचे मथळे पाहिले की कळतं. डिसेंबरमध्ये गाणं पुन्हा बाजारात आणलं गेलं आणि त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या ‘टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट’ला दिली. ते परत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकच रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या नाताळांत ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं. दुकानात जाऊन ती तबकडी घेणं हा त्या वर्षी शोक व्यक्त करण्याचाही एक मार्ग होता.

अमेरिकेत चित्र वेगळं होतं. तिथे ऐंशीच्या दशकात क्वीनची लोकप्रियता बरीच ओसरली होती. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ हा विनोदी सिनेमा आला. त्यात टवाळ मित्रांची टोळी जुनाट गाडीत बसून हे गाणं गाते आणि रॉकचा भाग आला की माना झटकते. निर्मात्यांना तिथे दुसऱ्याच बँडचं गाणं हवं होतं. अभिनेता माइक मायर्स याच गाण्यासाठी अडून बसला. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं गाणं १६ वर्षांनी दुसऱ्या क्रमांकावर गेलं. चाहते मोटारीत जे करत होते तेच सिनेमाने पडद्यावर दाखवलं होतं.

२००४ मध्ये इराणमध्ये क्वीनची कॅसेट अधिकृत परवानगीने विकली गेली. सोबत गाण्यांचा अर्थ सांगणारी पत्रिका होती. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा अर्थ असा लावला होता की, हातून खून झालेला एक तरुण सैतानाला आत्मा विकतो आणि शेवटी देवाचं नाव घेऊन तो परत मिळवतो. ऑपेरात ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो, त्याचा असा उपयोग झाला. याच गाण्यात अनेक पाश्चात्त्य अभ्यासक आणि चाहते फ्रेडीच्या लैंगिक ओळखीची घुसमट वाचतात. फ्रेडीने स्वतः अर्थ कधीच सांगितला नाही, विचारलं की तो विषय झटकून टाकी. दोन्ही वाचनं त्या मौनावरच उभी आहेत.

२०१८ मध्ये गाण्याच्याच नावाचा चरित्रपट आला. त्याला चार ऑस्कर मिळाले, तरी इतिहास म्हणून तो पाहू नये. आजाराचं निदान त्यात १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाआधी दाखवलंय, प्रत्यक्षात ते त्यानंतर झालं. गाणं लांब आहे म्हणून नाकारणारा कंपनीचा अधिकारी काल्पनिक आहे आणि त्या भूमिकेत मिश्किलपणे माइक मायर्सलाच घेतलंय. भारतात हा सिनेमा नोव्हेंबरमध्ये लागला. समलिंगी संबंधांना गुन्हा न मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी ६ सप्टेंबरला आला होता. डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की, विसाव्या शतकातलं सर्वाधिक स्ट्रीम झालेलं गाणं आता हेच आहे. जुलै २०१९ मध्ये यूट्यूबवर त्याच्या व्हिडिओने एक अब्जाचा टप्पा ओलांडला. १९९० च्या आधीच्या कोणत्याही गाण्याला तोवर हे जमलं नव्हतं.

आणि आपलं पाचगणी?

मराठी समाजमाध्यमांवर फ्रेडीची आठवण निघाली की पाचगणी येतंच. ते खरंही आहे. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पियानो तो तिथे शिकला आणि ‘हेक्टिक्स’ हा पहिला बँड चार वर्गमित्रांसोबत तिथेच काढला. ‘फ्रेडी’ हे नावही शाळेतलंच. पण ‘रॉकचा बादशहा आपल्या मातीतला’ असं लिहिताना थोडं सांभाळायला हवं. प्रसिद्ध झाल्यावर तो या दिवसांबद्दल, झांझिबारबद्दल, पारशीपणाबद्दल जाहीरपणे जवळजवळ बोललाच नाही. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये वंशद्वेष उघड होता आणि फारुख बलसारा या नावाने त्याला तोच मंच मिळाला असता का, हा प्रश्न अभिमानाच्या पोस्टमध्ये सहसा येत नाही. त्याचा अंत्यविधी मात्र झरथुष्ट्री धर्मगुरूंनी केला.

मग एक अब्ज पौंडांना विकलं काय?

गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे झिजलेल्या टेपवरचा तो प्रत्यक्ष आवाज. गाणं कुठेही वाजलं, जाहिरातीत वापरलं, दुसऱ्याने गायलं की कुठल्या ना कुठल्या हक्कापोटी पैसे मिळतात. वृत्तांनुसार सोनीच्या व्यवहारात यांच्यासोबत बँडचं नाव आणि प्रतिमा वापरण्याचे हक्कही आहेत. उत्तर अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क आधीपासून डिस्नेच्या कंपनीकडे आहेत, ते यात येत नाहीत. कार्यक्रमांचं उत्पन्न मे आणि टेलर यांच्याकडेच राहील, असंही सांगितलं गेलं.

अशा खरेदीमागचा हिशेब घराच्या भाड्यासारखा आहे. नवं गाणं चालेल की नाही सांगता येत नाही. पन्नास वर्षं दर पिढीने ऐकलेलं गाणं पुढची वीस वर्षंही ऐकलं जाईल, यावर गुंतवणूकदार पैसे लावतात. म्हणजे कंपनीने खरेदी केली ती चाहत्यांची सवय. हाइड पार्कसारखा व्हिडिओ फुकट फिरतो, त्यातून कुणीतरी नवा चाहता मूळ गाण्यापर्यंत पोचतो आणि त्या खरेदीची किंमत टिकून राहते.

यातून एक गोष्ट मात्र मागे पडते. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक विकलेला अल्बम क्वीनचाच आहे, १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. त्यात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पहिलंच आहे. बहुसंख्य लोकांना ते असंच भेटलं, आधी काहीही न ऐकता. स्ट्रीमिंगच्या याद्यांमध्ये तर ते इतर बँडच्या गाण्यांमध्ये येतं. मूळ अल्बमचे चाहते यावर वाद घालतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. आधीच्या दहा गाण्यांतला राग, थट्टा, जॅझ, अंतराळ, प्रेमगीत ऐकून झाल्यावर ऑपेरा विक्षिप्त वाटत नाही, कारण तिथवर कान तयार झालेले असतात. शिवाय शेवटी मिनिटभराचं गिटारवरचं ब्रिटिश राष्ट्रगीत येतं आणि सगळं नाटक संपल्यासारखं पडदा पडतो. एकट्या गाण्यात हा पडदा नाही.

विक्रीचा दुसरा प्रकारही झाला. फ्रेडीचं घर आणि त्यातलं सारं त्याने मेरी ऑस्टिन या जवळच्या मैत्रिणीला दिलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने बहुतेक वस्तू लंडनच्या ‘सदबीज’मध्ये लिलावाला काढल्या. एकूण सुमारे ४ कोटी पौंड आले. ज्या पियानोवर हे गाणं रचलं गेलं तो १७ लाख पौंडांना गेला. गाण्याच्या हस्तलिखिताला सुमारे १३ लाख ८० हजार मिळाले. एका पानावर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असं खोडलेलं शीर्षक आहे. लिलावाआधी महिनाभर वस्तू फुकट पाहायला ठेवल्या होत्या, त्यासाठी रांगा लागल्या. ब्रायन मेने मात्र इन्स्टाग्रामवर लिहिलं की, आपल्याला हे बघवत नाही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या ‘प्रॉम्स’ महोत्सवाची शेवटची रात्र होती. पन्नाशीनिमित्त ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पूर्ण वाद्यवृंदासह सादर झालं आणि सत्तरी ओलांडलेले मे आणि टेलर त्यात सामील झाले. ऑपेराचा भाग आला तेव्हा या वेळी टेपची गरज पडली नाही. मागे खराखुरा गायकवृंद उभा होता.